शंकासुराची हजेरी

गुरुजींचा प्रश्न ठरलेला असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चिखलताई जिना चढून आली, हातातली पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत टेकली, की ते चष्मा नाकावर सारखा करून विचारत, "हं. या महिन्यात कोणी कोणी नाव घेतलं आपल्या शंकासुराचं?"

शंकासुर म्हणजे गुरुजींचा मुलगा. लहानपणी तो प्रत्येक गोष्टीत शंका काढायचा, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. पुढे तो संशोधक झाला आणि पंधरा वर्षांपूर्वी, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, छातीच्या दुखण्याने गेला. चिखलताई ही त्याची सहकारी. ओला चिखल वाळताना त्याला भेगा कशा पडतात याचा अभ्यास दोघं मिळून करत. संस्थेतली मुलं तिला पाठीमागे चिखलताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं तर आवडतही होतं.

नाव घेणं म्हणजे काय, ते इथेच सांगितलेलं बरं. संशोधक एखादा निबंध लिहितो तेव्हा शेवटी सांगतो की मी अमुक माणसाच्या अमुक कामावर उभा आहे. उसनं कुणाकडून घेतलं ते चारचौघांत बोलून दाखवायचं, इतकी साधी ती गोष्ट. या प्रत्येक उल्लेखाला संदर्भ म्हणतात. जगभरचे संदर्भ हल्ली संगणक मोजतो, आणि ज्याचे संदर्भ जास्त त्याची पत जास्त, असं धरून चालतात. चिखलताई दर महिन्याला ती मोजणी पाहून यायची आणि गुरुजींना तोंडी सांगायची.

गुरुजींनी त्या नाव घेणाऱ्यांचे वर्ग पाडले होते. मातीवाले, म्हणजे जमिनीचा आणि जुन्या तळ्यांचा अभ्यास करणारे. रंगवाले, म्हणजे भिंतीवरचा आणि पत्र्यावरचा रंग का तडकतो ते शोधणारे. रक्तवाले, म्हणजे काचेवर वाळलेल्या रक्ताच्या थेंबाच्या भेगा पाहून आजार ओळखू पाहणारे डॉक्टर. आणि अलीकडे आलेले बॅटरीवाले. बॅटरीच्या आत एक पातळ लेप असतो, तो वाळताना तडकू नये यासाठी धडपडणारे. चिखल, रंग, रक्त आणि लेप, चौघांच्या भेगा एका जातीच्या. ती जात सगळ्यांत आधी दाखवली ती शंकासुराने आणि चिखलताईने, एका जुन्या निबंधात.

"मातीवाल्यांपैकी चौघांनी," चिखलताई सांगू लागली. "रंगवाल्यांपैकी दोघांनी. रक्तवाल्यांपैकी एकाने."

"बॅटरीवाले?"

"या महिन्यात कुणीच नाही."

"रुसले असतील," गुरुजी म्हणाले. "नवा वर्ग आहे. बसायला वेळ लागतो."

स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज आला. धाकटी म्हणजे शंकासुराची लहान बहीण. दिवसभर दवाखान्यात औषधं द्यायची आणि रविवारी बापाला बोलणी. "दादा होता तेव्हा महिन्यातून एक फोन करायचा नाही घरी. आता बघा, अगदी न चुकता."

"तू चहा टाक," गुरुजी म्हणाले.

"टाकलाय. साखर तेवढी शंका काढून घाला."

असा तो रविवार असे. वरून पाहिलं तर गप्पाच. पण गेल्या हिवाळ्यात गुरुजी आजारी होते, अन्नावरची वासना उडाली होती, तेव्हा चिखलताई आली आणि म्हणाली, "रंगवाल्यांनी पुस्तकात धडा घातलाय त्याच्यावर." गुरुजी उशी मागे घेऊन उठून बसले होते. धाकटीने जिन्यापर्यंत सोडायला येऊन तिला सांगितलं होतं, "ताई, तू येतेस ना, ते औषधापेक्षा लागू पडतं. थांबवू नकोस एवढंच."

आता तेच थांबायची वेळ आली होती.

कारण चिखलताईने एक गोष्ट केली होती, जी गुरुजींना तिने कधी सांगितली नव्हती.

शंकासुर गेला तेव्हा त्यांचा एक निबंध अर्धा लिहून झाला होता. तिने तो पुरा केला आणि दोघांच्या नावाने छापायला दिला. त्यात गैर काहीच नव्हतं. त्याच्या नावाशेजारी फुलीसारखी बारीक खूण होती आणि तळाशी लहान अक्षरांत ओळ होती की हे लेखक आता हयात नाहीत. पुढच्या वर्षीच्या निबंधातले प्रयोग त्याने स्वतः मांडले होते, म्हणून त्यातही नाव आलं. तिसऱ्यात प्रयोग तिचे होते, पण मूळ कल्पना त्याची. चौथ्यात कल्पनाही तिची होती. त्याच्या टेबलाशी बसून सुचली होती, एवढंच.

फुलीची गंमत अशी की ती खूण मातीवाल्यांच्या नियतकालिकांत चालत होती. रंगवाल्यांकडे तशी पद्धत नव्हती. त्यांच्या संपादकाने ती छपाईतली चूक समजून काढून टाकली, आणि खूण गेल्यावर तळाची ओळही गळली. अशा रीतीने मातीवाल्यांना ठाऊक होतं की हा माणूस गेला, आणि रंगवाल्यांना ठाऊक होतं की हा माणूस फार जोमाने काम करतोय. एकमेकांचं वाचतो कोण? जो तो आपल्या आळीत. रक्तवाल्यांनी त्याचं काम रंगवाल्यांकडून घेतलं, बॅटरीवाल्यांनी रक्तवाल्यांकडून, आणि शंकासुर एका विषयात मेलेला आणि तीन विषयांत जिवंत असा राहिला.

निबंध छापण्याआधी प्रत्येक लेखकाला पत्र येतं: हे तुम्हाला मान्य आहे का? शंकासुराचा ईमेलचा पत्ता संस्थेने कधी बंद केला नव्हता. त्याचा परवलीचा शब्द चिखलताईला माहीत होता. दोघं एकाच संगणकावर काम करत. पहिल्यांदा त्याच्या वतीने 'मान्य' दाबताना तिचा हात अडखळला. नंतर अडखळेनासा झाला. माणसाला कशाचीही सवय होते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

पहिली अशी की विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर संस्थेतल्या संशोधकांची यादी होती, कोणाच्या कामाचा प्रभाव किती विषयांत पडला याची.

"बसा मॅडम. ही पाहिलीत? चार चार विषयांत नाव असलेला आपल्याकडे एकच माणूस निघाला."

चिखलताईने वरचं नाव वाचलं. "तो माणूस नाही राहिला, सर."

"ते मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे. मोजणाऱ्यांना थोडंच माहीत आहे?" ते हसले. "मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात, तसं झालंय." मग आपण काय बोललो ते त्यांच्याच कानाला लागलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण उगाच काढून लावलं. "म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं, सर."

"तुमचा नवा पेपर चाललाय ना? त्यात त्यांचं नाव राहू द्या. या वर्षी आपली तपासणी आहे. नंतर बघू."

दुसरी गोष्ट त्या नव्या पेपरचीच. शंकासुराचा जुना नियम असा होता: चिखलाचा थर जाड असेल तर भेगा लांब लांब पडतात, पातळ असेल तर जवळ जवळ. खाली काच आहे की लाकूड की दगड, याने फरक पडत नाही. "तळ मुका असतो," हे त्याचं लाडकं वाक्य. चिखलताईला तेव्हाही वाटायचं की तळ बोलतो. संस्थेच्या पायऱ्यांवर बसून दोघं त्यावरून इतकं भांडायचे की पहारेकरी वाकून बघायचा. शेवटी पैज लागली: जो हरेल त्याने वर्षभर प्रयोगाची चिखलाने बरबटलेली ताटं घासायची. पैजेचा निकाल लागायच्या आत तो गेला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, तिच्या विद्यार्थिनीने काचेला तेल लावून चिखल वाळवला आणि तळ बोलला. भेगा अगदी लांब लांब पडल्या. थर तेवढाच, पण तळ बदलल्यावर सगळं बदललं. चिखलताईचं म्हणणं खरं निघालं होतं. निबंध लिहून झाला, नेहमीप्रमाणे तीन नावं घातली गेली: विद्यार्थिनीचं, तिचं, त्याचं.

पण नियतकालिकाचा नियम या वेळी बदलला होता. नुसतं 'मान्य' पुरेसं नव्हतं. प्रत्येक लेखकाने स्वतः दोन ओळी लिहायच्या होत्या: या निबंधात मी काय केलं. मुदत मंगळवारची.

शनिवारी दुपारी चिखलताई त्याचा पत्ता उघडून त्या रिकाम्या चौकटीपुढे बसली. खोलीत वाळत्या मातीचा ओला वास होता. ताटं भिंतीला उभी लावलेली होती, तिनेच घासलेली. तिने लिहिलं, 'मी प्रयोगाची आखणी' आणि खोडलं. मग लिहिलं, 'मी निष्कर्षांवर चर्चा' आणि तेही खोडलं. 'मान्य' दाबणं सोपं होतं, त्यात बोलावं लागत नव्हतं. इथे त्याच्या तोंडून बोलायचं होतं, आणि त्याचं तोंड तिला चांगलं माहीत होतं.

तिने चौकट तशीच ठेवली. नाव वगळायचं तर गुरुजींना सांगावं लागणार. ठेवायचं तर या दोन ओळी लिहाव्या लागणार. दुसऱ्या दिवशी महिन्यातला पहिला रविवार होता. तिने दोन काचा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या.

"हं," गुरुजी म्हणाले. "या महिन्यात—"

"आज आधी दुसरं दाखवायचंय," चिखलताई म्हणाली. "हात द्या."

गुरुजींना छापील अक्षर आता वाचता येत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. तिने त्यांचं बोट पहिल्या काचेवर नेलं. वाळलेल्या चिखलावरून ते हळूहळू फिरलं.

"बारीक जाळं आहे," ते म्हणाले. "जुन्या भिंतीच्या रंगासारखं."

"आता ही."

बोट बराच वेळ फिरत राहिलं. "इथे मोठे तुकडे आहेत. चार नाही तर पाच. थर जाड असणार हिच्यावर."

"नाही. दोन्हीकडे सारखाच आहे."

"मग फरक कशाने पडला?" गुरुजींनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. उत्तर माहीत असलेला मास्तर विचारतो तसा नव्हे. खरंच माहीत नसलं की मुलांपुढे मान पुढे काढून बसतो ना, तसा.

"दुसऱ्या काचेला तेल लावलंय. चिखल वाळताना आक्रसतो. खालून कुणी घट्ट धरलं असेल तर ताण साठतो आणि तो जागोजागी तुटतो. पकड सुटलेली असेल तर तो सरकतो. कमी तुटतो."

"म्हणजे मुलांना घट्ट धरून ठेवलं की—"

"गुरुजी, चिखलापुरतंच राहू द्या."

"बरं, बरं." ते हसले. बोट अजून काचेवरच होतं. "पण मग तुमचा तो नियम? खाली काय आहे त्याने फरक पडत नाही, असा होता ना?"

"तो चुकला. निदान इथे तरी."

"कुणाचा होता?"

"त्याचा. तळ मुका असतो, असं म्हणायचा."

"हां. घरीही म्हणायचा. आणि हा नवा निबंध कुणाचा?"

"आमचा तिघांचा. माझी विद्यार्थिनी, मी आणि तो."

गुरुजींनी काचेवरचं बोट उचललं. "म्हणजे मी चुकलो, असं तोच म्हणतोय."

"तसंच होतं ते."

"पटलं त्याला?"

धाकटी चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"शंकासुराला इतक्या मुकाट्याने पटलं?" गुरुजी म्हणाले. "दोन आणि दोन चार हे शिकवायला मी त्याच्यापुढे खडे मांडले होते. सगळी मुलं चार म्हणाली. हा म्हणतो, एखादा खडा फुटला तर पाच होतील. दोन दिवस ऐकलं नाही त्याने. शेवटी म्हणाला, न फुटणाऱ्या खड्यांपुरतं मान्य."

मग चिखलताईने सांगितलं. नव्या नियमाचं, दोन ओळींचं, रिकाम्या चौकटीचं.

"आतापर्यंत नुसतं मान्य एवढं दाबायचं होतं."

"कोण दाबायचं?"

"मी," चिखलताई म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"तिसरीचा वर्ग होता माझ्याकडे," ते म्हणाले. "फार जुनी गोष्ट. वर्गातला एक मुलगा तापाने गेला. नियम असा होता की महिनाअखेर झाल्यावर हजेरीतलं नाव कमी करायचं. तोवर ते राहायचं. पहिल्या दिवशी सवयीने माझ्या तोंडून वाचलं गेलं. वर्ग चिडीचूप. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. तेव्हा मात्र सवयीने नाही. टाळून पुढे जाववेना. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, 'हजर.' त्याच्या शेजारी बसायचा तो पोर. चेष्टा नव्हती त्याची. मास्तरांना वाईट वाटतंय, त्यांना बरं वाटावं, म्हणून म्हणाला."

"मग?"

"मग काय. मला बरं वाटलं. मी रोज वाचत गेलो, तो रोज हजर म्हणत गेला. आठवडाभराने माझ्या ध्यानात आलं की त्या पोराचं स्वतःचं नाव आलं की तो गप्प बसतो. मी त्याला गैरहजर मांडत होतो, आणि तो समोर बसलेला."

धाकटीने कप टेबलावर ठेवले. आवाज होऊ नये म्हणून फार जपून.

"चूक पोराची नव्हती," गुरुजी म्हणाले. "मी नाव वाचत होतो म्हणून तो उत्तर देत होता. एवढं कळून पुन्हा म्हातारपणी तेच करत बसलो. दर महिन्याला."

"गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

"मेलेला माणूस नवे प्रयोग करत नाही, हे कळायला फार शिकावं लागत नाही, पोरी. पहिली दोन-तीन वर्षं वाटलं, मागे राहिलेलं काम असेल. तरी तुझ्या तोंडी त्याचे नवे निबंध येतच राहिले, तेव्हा कळलं."

"मग विचारायचात कशाला?"

"तू यायचीस," गुरुजी म्हणाले. "मला वाटायचं, सांगितल्याने तुला बरं वाटतंय."

चिखलताईने मान खाली घातली. तिच्या नखांत चिखल होता. तो कधी निघतच नसे. मग तिचे खांदे हलले तेव्हा धाकटी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पाठीवर हात ठेवून, नेहमीच्याच खरखरीत आवाजात म्हणाली, "रड. पण काचेवर नको. पुन्हा चिखल होईल."

थोड्या वेळाने गुरुजींनी विचारलं, "तो असता तर काय म्हणाला असता? या काचा बघून."

"म्हणाला असता..." चिखलताईने डोळे पुसले. तिला तो पायऱ्यांवर बसलेला दिसला, एक पाय हलवत, समोरच्याचं बोलणं संपायची वाट न बघणारा. गेल्या पंधरा वर्षांत तो तिला कधी असा दिसला नव्हता. दिसला तो नेहमी मान डोलावतानाच. "म्हणाला असता, तू तळ बदललाच नाहीस. तेल मातीत शिरलंय. तू माती बदललीस आणि सांगतेस की तळ—"

ती बोलता बोलता थांबली.

"काय झालं?"

"तेल मातीत शिरू शकतं," ती हळूच म्हणाली. "आम्ही ते तपासलेलं नाही."

गुरुजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग इथे काय बसलीस?"

"चहा पिऊन जाऊ दे तिला," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं थांबलाय तो. चहापुरता थांबेल."

जाताना चिखलताईने पिशवी उचलली आणि जरा घुटमळली. या महिन्याचे आकडे तिच्या तोंडाशी होते. गुरुजींनी ते ओळखलं.

"आज नको," ते म्हणाले. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. बारीक जाळ्याची काच त्यांच्या मांडीवरच राहिली होती, आणि तिने ती परत मागितली नाही.

मंगळवारची मुदत गेली. निबंध गेला नाही.

तेलाच्या जागी दुसरं काहीतरी हवं होतं, जे निसरडं असेल पण मातीत शिरणार नाही. विद्यार्थिनीने आधी तोंड वाकडं केलं. "मॅडम, ही शंका काढली कुणी? आता तर सगळं लिहून झालं होतं."

"माझ्या सहकाऱ्याने."

"जे वारले ते?"

"तेच," चिखलताई म्हणाली. "फार वाईट सवय होती त्याला."

काचेवर भाजून बसवलेला एक कोरडा गुळगुळीत थर त्यांनी वापरून पाहिला. चिखल ओतायचा, वाळू द्यायचा, भेगा मोजायच्या, ताटं घासायची. तीन महिने असे गेले. तेल शिरत होतं, हे दिसून आलं. भेगा लांब लांब पडण्यामागे निम्मा हात तेलाचा होता. पण उरलेला निम्मा फरक तळाचाच होता. तळ बोलत होता, मात्र तिला वाटलं होतं तेवढ्या मोठ्याने नव्हे.

मधल्या काळात तिने बाकीचं केलं. शंकासुराचा पत्ता बंद करायला लावला. ज्या निबंधांत त्याचा हात नव्हता त्यांच्या संपादकांना लिहून कळवलं की हे नाव मी घातलं, संमती मी दिली. तिघांनी दुरुस्ती छापली. एकाने तो निबंधच मागे घेतला. यादीतला शंकासुर पहिल्या जागेवरून बराच खाली आला, आणि संस्थेने चिखलताईला लेखी समज दिली. विभागप्रमुखपदासाठी पुढची पाळी तिची होती, ती गेली.

"एवढं करायची गरज होती का?" विभागप्रमुखांनी विचारलं. रागाने नाही, थकून. "मी आता तपासणीला काय सांगू?"

"जेवढं त्याचं आहे तेवढं सांगा, सर. तेही थोडं नाही."

ते खरं होतं. जो पहिला निबंध होता, दोघांचा, तो होता तिथेच होता. मातीवाले, रंगवाले, रक्तवाले, बॅटरीवाले सगळे नाव घेत होते ते मुख्यतः त्याच निबंधाचं.

या महिन्यांत ती गुरुजींकडे गेली नाही असं नाही. पहिल्या रविवारी जायची. पण ते प्रश्न विचारत नसत आणि ती सांगत नसे. घरात एक गप्पपणा येऊन बसला होता. गुरुजी जेवण अर्धं टाकू लागले होते. धाकटी जिन्यात एकदा म्हणाली, "खरं बोललीस ते चांगलंच झालं, ताई. पण खऱ्याने पोट भरत नाही त्यांचं."

मग एका रविवारी ती छापलेली पानं घेऊन आली. खुर्चीत बसली, पण बोलेना. गुरुजींनी वाट पाहिली. चष्मा सारखा केला. शेवटी त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"काय गं. या महिन्यात घेतलं का कुणी नाव?"

"घेतलं. एकाच माणसाने."

"मातीवाला?"

"मी," चिखलताई म्हणाली. "भांडायला घेतलं."

तिने वाचून दाखवलं. लेखकांच्या ओळीत दोनच नावं होती. पण पहिल्याच परिच्छेदात, तळाला महत्त्व नाही असं म्हणणाऱ्याचं नाव होतं. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत दिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की आम्हाला हे मान्य नाही. मग तेलाची शंका आली होती. तिच्या शेजारी लिहिलं होतं की तळाच्या वादात त्याने ज्या रीतीने हरकती घेतल्या असत्या, त्या रीतीने आम्ही आमचाच प्रयोग तपासला, आणि निम्मा निष्कर्ष गमावला. त्याच्या नावाशेजारी बारीक फुली होती.

गुरुजींनी ती फुली कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगितलं. कागद गुळगुळीत होता, बोटाला काही लागलं नाही. तरी ते तिथे बोट ठेवून राहिले. डोळ्यांतलं पाणी चष्म्याखालून ओघळून हनुवटीपर्यंत आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मग?" ते म्हणाले. "जिंकलं कोण?"

"निम्मं तो, निम्मं मी."

"त्याला मान्य नाही व्हायचं."

"नाही व्हायचं," चिखलताई म्हणाली.

"आणि पैजेचं काय झालं? ती ताटं कोण घासतंय?"

"मीच."

"घरी तरी कधी घासली होती त्याने," धाकटी स्वयंपाकघरातून म्हणाली. "बाबा, पानं वाढलीत. या आता, आणि आज टाकायचं नाही हं."

गुरुजी उठले. चिखलताईने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. दारापाशी ते थांबले.

"तुझं कुणी घेतलं का गं?" त्यांनी विचारलं. "तुझं नाव. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही."

तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"बघून ये," गुरुजी म्हणाले. "पुढच्या रविवारी."